न लिहिलेला खर्च

(नांदेड व लातूर जिल्ह्यांच्या एकत्र बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या वेळी अहमदपूरला बैठक ठरली होती. लोक जमले, चहा झाला, सतरंज्या अंथरून झाल्या आणि बोलणाराच आला नाही. तो न आलेला बोलणारा मी. त्या वेळी मी माळेगावच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, जीपच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवा बसलो होतो. तुमचा एक दिवस माझ्यामुळे बुडाला, त्याची आधी माफी मागतो. आणि आज त्याच चाकाबद्दल बोलतो.

तुम्ही म्हणाल, हा शेतीची पदवी घेतलेला माणूस, कापूस-ज्वारी सोडून गाडीच्या आसावर काय बोलतो? जरा धीर धरा. आपल्या कापसाचा हिशेब त्याच आसापाशी येऊन अडतो, हे मला तिथे बसल्या बसल्या कळले.

माझी जीप तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. निम्म्या लोकांनी ढकलली आहे. वयाने ती माझ्याहून दोन-चार वर्षांनीच लहान. हे वाहन दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी निघाले. लढाई संपल्यावर, 1945 साली, अमेरिकेतल्या विलीज कंपनीने तेच शेतकऱ्यांसाठी म्हणून बाजारात आणले: नांगर ओढेल, यंत्राला पट्टा लावता येईल, बाजारालाही नेईल. आपल्याकडे 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत तिची जुळणी सुरू केली. थोडक्यात, शेतकऱ्याच्या कामाला आलेले हे जनावर आहे, आणि जनावरासारखेच त्याला वेळच्या वेळी पाहावे लागते. मी पाहिले नाही. बनवणाऱ्याचा दोष नाही, दोष माझा.

झाले असे. लोहा मागे पडले, गाडी पन्नासच्या वेगात होती. एक खड्डा लागला आणि स्टिअरिंग हातात थरथरू लागले. हिवतापाच्या रोग्याला हुडहुडी भरावी तशी सगळी गाडी पुढून हलत होती. समोरून उसाचा ट्रक येत होता. कसाबसा वेग कमी करून गाडी बाजूला घेतली. मागे आपले तीन कार्यकर्ते होते. एकानेही तोंडातून शब्द काढला नाही, पण खाली उतरल्यावर तिघांनीही आधी चाकाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढत मिस्त्रीकडे नेली. मिस्त्रीने चाक वर घेतले, वर-खाली हलवले आणि म्हणाला, "साहेब, किंगपिनची बेअरिंगं गेली. आत पाणी आहे."

मी म्हणालो, "पाणी कुठून येईल? मी गाडी कधी नदीत घातली?"

तो म्हणाला, "आठवा."

आणि आठवले. 2021 च्या सप्टेंबरात, गुलाब चक्रीवादळाच्या पावसाने आपल्या भागात हाहाकार केला. सोयाबीन पाण्याखाली, कापसाची बोंडे झाडावर सडलेली. तेव्हा गावोगाव फिरताना याच जीपने किती ओढे ओलांडले, मोजदाद नाही. चाकाच्या तुंब्यापर्यंत पाणी.

आता या जुन्या जीपच्या पुढच्या एक्सलची रचना ऐका. बैलगाडीचा आस सरळ असतो, चाक फक्त फिरते. इथे चाकाला फिरायचेही आहे, वळायचेही आहे आणि इंजिनची ताकदही घ्यायची आहे. म्हणून आसाच्या टोकाला लोखंडी गोळा असतो. त्या गोळ्याभोवती वाटीसारखे हौसिंग वळते. वर एक, खाली एक अशी दोन किंगपिनची बेअरिंगे त्याला धरून ठेवतात. वाटीच्या आत सांधा फिरतो, तो ग्रीस-तेलात बुडालेला असतो. हे तेल बाहेर येऊ नये आणि चिखल आत जाऊ नये म्हणून गोळ्याभोवती नमदा आणि रबराचे सील असते. एवढ्या मोठ्या लोखंडाची राखण बोटभर रुंदीचे सील करते.

गाडी चालून चाक तापलेले असते. तसेच ते थंड पाण्यात घातले की आतली हवा आकसते आणि सील झिजलेले असेल तर बाहेरचे पाणी आत ओढून घेते. म्हणजे पाणी शिरत नाही, आपणच ते पाजतो. मिस्त्रीने खालची टोपी उघडली तेव्हा काळे ग्रीस यायला हवे होते. आले ते ताकासारखे पांढुरके. त्याखाली बेअरिंगचे रोलर तांबडे.

पाणी शिरले हे एक. त्यानंतर मी काय केले? त्या हंगामानंतर गाडी कितीतरी महिने वाड्याच्या भिंतीलगत उभी ठेवली. लहानपणी आपण कोडे घालायचो: भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला? उत्तर एकच, फिरवला नाही म्हणून. त्यात आता जीपचा आस घाला. गाडी चालती असती तर आतले तेल उडून थोडेफार तरी सगळीकडे लागले असते. उभ्या गाडीत तेल आणि पाणी वेगळे झाले. तेल वर राहिले, पाणी तळाशी बसले आणि खालच्या बेअरिंगला निवांत खात राहिले.

बाहेरून काय चालले होते तेही सांगतो, कारण ते आपल्या मातीचे काम आहे. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. पाऊस गेल्यावर ज्वारी पेरतो आणि ती नुसत्या ओलीवर कणसापर्यंत जाते, ते या मातीच्या जिवावर. पण हीच माती पाट्यांवर, नटांभोवती, आसाच्या नळीवर थापली गेली की तिथेही ओल धरून ठेवते. वरून ती वाळलेली दिसते, खरवडली की आत दमट. ज्वारीला जे अमृत, ते लोखंडाला विष. त्यात मी याच गाडीतून खताची पोती वाहिली. फाटक्या पोत्यातून डीएपी सांडले, पोटॅश सांडले. आपण वापरतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे क्लोराइडचेच क्षार. हे क्षार हवेतली ओल ओढतात आणि गंज मिठासारखा भराभर वाढवतात. हे मी वर्गात शिकलो होतो, परीक्षेत लिहिले होते. गाडी धुताना आठवले नाही.

आता दुरुस्तीचे हाल ऐका. दोन दिवसांचे काम म्हणून सुरू केले, अकरा दिवस लागले.

लोखंड गंजते तेव्हा त्याची जागा वाढते. जेवढे लोखंड गेले त्याच्या दुपटीहून जास्त जागा गंज अडवतो. म्हणून गंजलेला बोल्ट नुसता चिकटत नाही, तो आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखा बसतो. पहिला बोल्ट डिझेल सोडून रात्रभर ठेवला, सकाळी निघाला. मला वाटले, जमले. दुसऱ्याला मी स्वतः पाना लावला, पान्याला पाइप घातला आणि जोर केला. कट् आवाज आला. बोल्टचे डोके हातात आणि धड आत. मिस्त्रीने काही बोलला नाही, फक्त पाना माझ्या हातातून काढून घेतला.

त्या एका तुटक्या धडाने दीड दिवस खाल्ला. आधी छिद्र पाडायचा प्रयत्न, ड्रिल सरकले. शेवटी त्यावर नट ठेवून वेल्डिंग केले. वेल्डिंगच्या उष्णतेने गंजाची पकड सुटली आणि नटाबरोबर धड फिरत बाहेर आले. पुढच्या बोल्टांना मग त्याने रीत बदलली: तारेच्या ब्रशने आटे साफ, तेल, हातोडीने डोक्यावर ठोके, आधी किंचित आवळायचे आणि मग सोडायचे. पाव फेरा पुढे, पाव मागे. एका बोल्टला अर्धा तास. मला राग येत होता. त्याला येत नव्हता.

टायरॉडपाशी पुन्हा माझी फजिती. एक बाजू उघडली, दुसरी उघडेना. जितका जोर करावा तितकी घट्ट. टायरॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणजे रॉड फिरवला की लांबी कमी-जास्त करता येते. हे माहीत नसलेला पदवीधर अर्धा तास नट आवळत बसला होता.

त्यातच एक गोष्ट घडली, ती हसण्यावारी नेऊ नका. मी घाईने जॅक लावून आत डोके घातले. जमीन काळी, आदल्या रात्री शिडकावा झालेला. जॅक एका बाजूने रुतला आणि गाडी कलली. मिस्त्रीने पाय धरून मला बाहेर ओढले. ट्रॅक्टर असो, ट्रॉली असो, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. जॅकखाली जाड फळी, बाकीच्या चाकांना दगड, आसाखाली लाकडाचे भक्कम ठोकळे. मगच अंग आत.

आत पोचल्यावर खरे दुखणे दिसले. गोळ्याच्या पृष्ठभागावर गंजाने देवीच्या व्रणांसारखे खड्डे पाडले होते. त्यावर नवे सील बसवले तर खड्ड्यांच्या कडा ते महिन्यात खाऊन टाकणार. गोळा तर आसाच्या नळीचाच भाग, वेगळा निघत नाही. मग लातूरला भंगारात जुना एक्सल पाहायला गेलो. वरून ताजा काळा रंग, चकचकीत. मिस्त्रीने खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढून रंग खरवडला. आमच्यापेक्षा खोल खड्डे. रिकाम्या हाताने परत आलो. शेवटी त्याने एकेक खड्डा वेल्डिंगने भरला आणि दोन दिवस कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून गोलाई आणली. नवी बेअरिंगे बसवली, शिम घालून वळण्याचा ताण बसवला, नवे नमदे, नवे सील, नवे ग्रीस.

आता बिल वाचतो. सील आणि नमदे 1,400. किंगपिनची चार बेअरिंगे 3,200. चाकांची बेअरिंगे 2,600. टायरॉडचे एंड 1,300. लेथ आणि वेल्डिंग 3,300. मजुरी 6,000. एकूण 17,800 रुपये.

तो ओढ्यांचा हंगाम संपल्यावर लगेच उघडून पाहिले असते तर? सील 1,400, ग्रीस 200, मजुरी फार तर 900. अडीच हजार. म्हणजे 15,300 रुपये मी गंजाला दिले.

का दिले? आळस होताच. पण त्या वर्षी पीक गेले होते, हातात पैसा नव्हता. मी म्हणालो, गाडी चालते आहे ना, पुढच्या वर्षी पाहू. आणि माझ्या वहीत त्या वर्षी दुरुस्तीचा खर्च किती? शून्य. वही म्हणते, मी अडीच हजार वाचवले.

भावांनो, कापसाची गोष्ट इथे सुरू होते. आपल्या मालाचा उत्पादनखर्च काढताना अवजारांची दुरुस्ती आणि घसारा धरतात. कृषी मूल्य आयोग ज्याला ए-2 अधिक कुटुंबाची मजुरी म्हणतो, त्यातही घसारा आहे. त्याच्या दीडपट भाव देतो, असे 2018 पासून सरकार सांगते. आपल्या स्वतःच्या भांडवलावरचे व्याज मात्र त्यात नाही. ते सी-2 या खर्चात येते. त्यावरचा वाद जुना आहे, तो आज काढत नाही. आज एवढेच विचारतो: ज्या वर्षी पैसा नसतो म्हणून आपण तिफण, खताचे पेरणी यंत्र, फवारणी पंप, ट्रॉली दुरुस्त करत नाही, त्या वर्षी आपला दुरुस्तीचा खर्च कागदावर कुठे दिसतो? दिसत नाही. भाव पडला की दुरुस्ती थांबते, दुरुस्ती थांबली की खर्च कमी दिसतो, आणि कमी दिसलेल्या खर्चावर पुन्हा म्हणतात, यांना परवडते. लोखंड तिकडे खाल्ले जातच असते. पाच वर्षांनी पेरणी यंत्राची पेटी हातात तुकडा होऊन येते. तेव्हा आपण नशिबाला बोल लावतो आणि सावकाराकडे जातो.

म्हणून दोन कामे सांगतो. पहिले काम हातांचे. पेरणी झाली की खताची पेटी त्याच दिवशी रिकामी करून धुवा, वाळवा आणि जळके तेल फिरवा. रात्रभर खत पेटीत राहू देऊ नका. फवारणी झाली की पंपातून दोनदा स्वच्छ पाणी काढा. चिखलातून आलेल्या ट्रॉलीची, जीपची माती ओली असतानाच खरवडा. पाण्यातून गाडी घालायचीच असेल तर आधी चाक निवू द्या. पावसाळा संपला की ग्रीस काढून रंग पाहा. पांढुरके दिसले तर थांबू नका. उभे राहणारे यंत्र महिन्यातून एकदा तरी फिरवा.

दुसरे काम वहीचे. प्रत्येकाने एक पान घालावे. डाव्या बाजूला या वर्षी केलेली दुरुस्ती आणि तिचा खर्च. उजव्या बाजूला करायला हवी होती पण केली नाही ती दुरुस्ती, मिस्त्रीला विचारून तिचा आजचा अंदाज. ही उजवी बाजू आजवर कोणी लिहिली नाही. कापसाचा आणि ज्वारीचा क्विंटलमागचा खर्च आपण मांडायला बसू तेव्हा मला ती हवी आहे. आमच्या बहिणींना विशेष सांगतो, घरातली वही बहुधा तुमच्याच हाती असते. शेळीच्या दावणीपासून पाण्याच्या मोटारीपर्यंत काय मोडके आहे, ते तुम्हाला जास्त ठाऊक.

माझे पान मी लिहून आणले आहे. डाव्या बाजूला 17,800. उजव्या बाजूला अजून मागचा एक्सल आहे. मिस्त्री म्हणतो, त्याच्याही सीलमधून तेल गळते. त्याचा अंदाज 2,200 आहे आणि येत्या शनिवारी गाडी त्याच्याकडे जाणार आहे. जीप बाहेर लिंबाखाली उभी आहे. जाताना वाकून पाहा, हात लावून पाहा. पुढची बैठक अहमदपूरला. या वेळी मी येणार. तुम्ही वहीचे पान घेऊन या.