विचारपूस त्यांच्याच भाषेत

आदिवासी मुलांच्या मानसिक आरोग्यावरची परिषद हैदराबादेत भरणं योग्यच आहे. १९४० साली हैदराबादच्या निजाम सरकारविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमरम भीम जोडेघाटला मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांमध्ये पाठवलं आणि मारलवाईला गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून घडवण्याचं केंद्र उभं राहिलं. शाळेच्या बाबतीत तेव्हा जे पटलं, ते मनाच्या आजाराबाबत आजही पटवून द्यावं लागतं, याचं वाईट वाटतं.

माझं म्हणणं असं, की या मुलामुलींना आधार देणारी माणसं, विशेषतः स्त्रिया, त्यांच्याच समाजातून तयार व्हायला हव्यात. आश्रमशाळेतली मुलगी ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. डोकं दुखतं, जेवण जात नाही, गावी जायचंय, एवढंच सांगते, आणि तेही गोंडीत. ऑस्ट्रेलियात ट्रेसी वेस्टरमन या आदिवासी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या समाजातल्या १३ ते १७ वयाच्या मुलांसाठी लक्षणांची स्वतंत्र प्रश्नावली रचली. आपल्याकडे गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत २९ लाखांवर होते, त्यांच्या मुलांचा असा विचार कोणी करायचा?

डॉक्टरांचं काम गावातल्या बाईवर कसं सोपवायचं, ही शंका रास्त आहे. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात बहुतेक मनोविकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना आढळले. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने मानसोपचाराचं पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिकांना शिकवलं. सहा-आठ भेटींत ते नैराश्याच्या रुग्णाकडून सुटलेली छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करून घेत. २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले: तीन महिन्यांनी अशा भेटी मिळालेले ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून सावरले होते, फक्त नेहमीच्या उपचारांवरचे ३९ टक्के. ते रुग्ण प्रौढ होते, त्यामुळे किशोरांसाठी पद्धत वेगळी बसवावी लागेल. डॉक्टरांची देखरेख हवीच, आणि जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करणाऱ्या मुलीला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे पोचवण्याची सोयही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो: हेही ओझं बाईच्याच डोक्यावर का? आशाताई तुटपुंज्या मानधनात आधीच किती राबतात! म्हणून आधार देणाऱ्या बाईचं पद पगारी असावं, आणि ते सांभाळत समुपदेशनाची पदवी घेता यावी. परिषदेचं पहिलं सत्र गोंडी, कोलामी आणि माडियातल्या प्रश्नावलीच्या मसुद्यासाठी ठेवलं आहे. त्यात आश्रमशाळांत काम करणाऱ्या गोंड आणि कोलाम भगिनी आधी बोलतील, मानसोपचारतज्ज्ञ त्यांच्यानंतर.