बदकांना थंडीपेक्षा ओल बाधते

दिवाळीनंतर गारवा वाढला की परसात बदके पाळणारी मंडळी खुराड्याच्या जाळीला गोणपाट बांधतात, फटी बुजवतात. हेतू चांगला असतो, पण उपाय चुकतो. मोठ्या बदकाला थंडीपेक्षा ओल जास्त बाधते आणि खुराडे चहूबाजूंनी बंद केले की ओल वाढते. म्हणून हिवाळ्यात खुराडे कोरडे कसे राहील, हे आधी पाहावे. ऊब त्यातून आपोआप मिळते.

असे म्हणण्याला आधार बदकाच्या शरीराचाच आहे. त्याच्या अंगाचे तापमान 41 ते 42 अंश सेल्सियस असते. वरच्या पिसांखाली दाट, मऊ लव असते आणि तिच्यात अडकलेली हवा ही ऊब धरून ठेवते. शेपटीजवळच्या ग्रंथीतले तेल बदक चोचीने पिसांवर पसरवते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. पायांत जाणारे गरम रक्त आपली उष्णता वर परतणाऱ्या गार रक्ताला देते, त्यामुळे गार जमिनीवर उभे राहूनही अंगातली ऊब फारशी वाया जात नाही. निफाडसारख्या ठिकाणी पारा पाच-सहा अंशांवर उतरला, तरी निरोगी मोठे बदक कोरड्या जागी तग धरते. मात्र पिसे चिखलाने आणि विष्ठेने माखली की लवेतली हवा निघून जाते आणि तेच बदक काकडू लागते. बदकाची विष्ठा कोंबडीपेक्षा पातळ असते, शिवाय पाणी पिताना ते बरेच सांडते. बंद खुराड्यात ही ओल बाहेर पडत नाही. श्वासातली वाफ पत्र्यावर जमून खाली टपकते आणि जमिनीवर अंथरलेल्या तुसाची गादी भिजली की तिच्यातून अमोनिया वायू निघतो. त्याने डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचे अस्तर दुखावते आणि रोगजंतूंना वाट मिळते.

ओलीचा दुसरा धोका खाद्यात आहे. 1960 साली इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे हजारो टर्की पक्षी आणि बदकांची पिल्लेही दगावली. त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदके या विषाला फार लवकर बळी पडतात. तेव्हा कुबट वास येणारी पेंड किंवा काळपट मका घालू नये आणि भिजवलेले खाद्य दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नये.

आता कोणी म्हणेल, थंडीने पिल्ले मरतात हे आम्ही पाहतो. ते खरेच आहे. पिल्लांना पूर्ण पिसे नसतात, म्हणून पहिल्या आठवड्यात 30 ते 32 अंशांची ऊब द्यावी आणि पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी करावी. पण हा नियम मोठ्या बदकांना लावू नये. दुसरी शंका अंड्यांची. हिवाळ्यात अंडी घटण्याचे मोठे कारण अपुरा उजेड हे असते. आपल्याकडे डिसेंबरचा दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि भरपूर अंड्यांसाठी चौदा ते सोळा तास उजेड लागतो. पहाटे थोडा वेळ दिवा लावल्यास फरक पडतो. तिसरी शंका मुंगूस आणि बोक्याची. भिंतीचा खालचा भाग भरीव करा, वर बारीक आणि मजबूत जाळी ठेवा. त्याने बदकांच्या अंगावर वारा येत नाही, पण डोक्यावरून हवा खेळते. आणि ओल नको म्हणून पाणीच तोडू नका. डोळे आणि नाकपुड्या धुण्यासाठी बदकाला डोके बुडवावे लागते. पाण्याचे खोल भांडे दिवसा बाहेर ठेवा. रात्री आत पाणी नसेल तर खाद्यही ठेवू नका, कारण कोरडे खाद्य पाण्याविना घशात अडकते.

गादीसाठी भाताचे तूस किंवा कोरडा पेंढा चार बोटे जाड पसरा आणि रोज वरखाली करा. मूठभर तूस हातात दाबून पाहा. गोळा होत असेल तर ओले तूस काढून नवे घाला. आज संध्याकाळी गोणपाट बांधायला जाल तेव्हा वाऱ्याची एकच बाजू झाका, बाकीच्या जाळ्या मोकळ्या ठेवा आणि हाती उरलेला वेळ गादी बदलण्यात घालवा.