मालक बदलतो, माणसांचे काय?



वृत्तपत्राची मालकी बदलते तेव्हा यंत्रांची यादी होते, इमारतीचे मोल ठरते, नावाचीही किंमत होते. वीस वर्षे रात्रपाळी केलेल्या मुद्रितशोधकाची नोंद मात्र खर्चाच्या रकान्यात पडते. आणि नवा मालक प्रथम तोच रकाना आवळतो.

हा प्रश्न आपल्या भागाला नवा नाही. लातूरपर्यंत येणारी बार्शी लाइट रेल्वे 1954 च्या आरंभी सरकारने घेतली, तेव्हा कंपनीने नोकरांची सेवा समाप्त केली. बहुतेकांना सरकारने पुन्हा कामावर घेतले. परंतु भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. मालकी बदलल्याने गेलेली नोकरी ही ‘कपात’ नव्हे, असा निकाल 1956 मध्ये लागला. तेव्हा 1957 मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला : हस्तांतरामुळे नोकरी गेल्यास भरपाई द्यावी, ती टाळायची तर सेवा अखंड, अटी पूर्वीइतक्या आणि मागील सेवेचे दायित्व नव्या मालकावर असले पाहिजे. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही हे तत्त्व टिकले आहे.

मग पत्रकार उघडा का पडतो? 1955 च्या श्रमिक पत्रकार कायद्यान्वये कपातीपूर्वी संपादकाला सहा व इतर पत्रकारांना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागे. तो स्वतंत्र कायदा 2020 च्या श्रमसंहितांत विलीन करण्यात आला. कारखान्यांतील कपातीस सरकारी परवानगीची मर्यादाही शंभर कामगारांवरून तीनशेवर नेण्यात आली. जिल्ह्याच्या गावच्या किती छापखान्यांत तीनशे माणसे असतात? शिवाय तालुक्याचा वार्ताहर जाहिरातींच्या कमिशनवर जगतो. पगारपत्रकात त्याचे नावच नसल्याने त्याला काढल्याची नोंदही होत नाही.

नुकसान त्याचे एकट्याचे नाही. निजामी राजवटीत बंदी येताच आ. कृ. वाघमारे यांचा ‘मराठवाडा’ नाव बदलून निघत असे. पुढे अनंत भालेरावांनी या शहरात त्याला प्रदेशाचा आवाज बनविले. तो आवाज गावोगावच्या वार्ताहरांनी पुरविलेल्या बातम्यांवर उभा होता. पैठणच्या कालव्याला पाणी सुटले की नाही, हे मुंबईत बसून कोण सांगणार?

म्हणून मागणी साधी आहे. विक्रीच्या करारात सेवेची अखंडता लेखी असावी. तो मजकूर सहीपूर्वी कामगार संघटनेस दाखवावा. आणि वार्ताहरांची नावे पगारपत्रकावर यावीत. सही झाल्यावर काढलेल्या मोर्चाला फक्त दाराचे कुलूप दिसते. आपण सहीच्या आधी दाराशी उभे राहू या.