शिक्षणसेवकाचे मानधन आणि आपल्या शाळा
(संस्थेच्या वार्षिक समारंभातील भाषण)



हुशार मुलाला ‘शिक्षक हो’ असे सांगणारा बाप आपल्या समाजात आज क्वचितच भेटतो. त्यात बापाचा दोष नाही. हिशेबच तसा आहे.

खाजगी शाळांसाठी झालेल्या १९७७ च्या कायद्याने नवा प्रशिक्षित शिक्षक दोन वर्षे परिवीक्षेवर असे, पण पगार पहिल्या महिन्यापासून वेतनश्रेणीत मिळे. २००० साली शासनाने शिक्षणसेवक योजना आणली. पहिली तीन वर्षे वेतन नाही, मानधन! (‘सेवक’ हा शब्द कोणाला सुचला कोण जाणे.) माध्यमिक शाळेत हे मानधन कित्येक वर्षे दरमहा ८,००० रुपयेच राहिले, १ जानेवारी २०२३ पासून ते १८,००० झाले. सातव्या वेतन आयोगात शेजारच्या वर्गावरील कायम शिक्षकाचे मूळ वेतनच ३८,६०० पासून सुरू होते. वर्ग तेच, वह्या त्याच, निकालाची जबाबदारीही तीच. तीन वर्षांत फरक सात लाख चाळीस हजारांच्या वर जातो, महागाई भत्ता निराळाच. शिवाय २०१५ पासून बी.एड. एकाऐवजी दोन वर्षांचे झाले आहे.

सुखवस्तू घरातला मुलगा ही वर्षे कशीबशी काढील. पण ज्याच्या कमाईतून धाकट्या बहिणीची फी जायची आहे, त्याने काय करावे? बी.एस्सी. होऊन तो औषधांच्या कारखान्यात जातो, नाहीतर आखाताची वाट धरतो. मग गणिताची जागा तासिकेवर भरावी लागते, दिवाळीनंतर तोही शिक्षक सोडून जातो, आणि नववीचे बीजगणित अर्धवट राहते.

केवळ मानधनामुळेच हे झाले असे मी म्हणणार नाही. २०१२ नंतर बरीच वर्षे भरती थांबली, डी.एड. विद्यालये ओस पडली. परंतु भरती सुरू झाली तरी गुणी उमेदवार याच आकड्याकडे पाहून ठरवणार.

शासनाकडे मागणी करूच. पण घटनेच्या ३० व्या कलमाने शाळा चालविण्याचा हक्क आपल्याला दिला आहे, तेव्हा आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. विनाअनुदानित तुकड्यांत सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, असा प्रकार काही संस्थांत चालतो, हे येथील पुष्कळांना ठाऊक आहे. आपल्या संस्थेत तसे कधी होणार नाही, असा ठराव कार्यकारिणीने करावा. आणि मंडप-रोषणाईचा खर्च थोडा आवरून गणित-विज्ञानाच्या दोन होतकरू मुलामुलींची बी.एड.ची फी भरावी. हे जूनपूर्वी ठरले, तर येत्या वर्षीच त्यांना प्रवेश घेता येईल.