माझे आवडते पाश्चात्य संगीतकार

पाश्चात्य अभिजात संगीतांतील तुमचा आवडता रचनाकार कोणता, असा प्रश्न मला आजवर अनेकांनीं विचारला आहे. आणि त्याचें उत्तर मीं प्रत्येक वेळीं प्रामाणिकपणें, पण प्रत्येक वेळीं निराळें दिलें आहे. विशीबाविशींत असतांना मी बीथोव्हनचें नांव घेत असें. चाळिशी उलटल्यावर बाखचें घेऊं लागलों. आणि आज कोणी विचारलें तर हायडनचें नांव तोंडीं येतें. ही चंचलता म्हणावी कीं वाढ, याचा निर्णय श्रोत्यांनींच करावा. मात्र या प्रवासांत माझे वडील माझ्याबरोबर होते, आणि बराच काळ ते विरुद्ध पक्षाचे वकील होते, हें आरंभींच सांगून ठेवतों.

वडिलांनीं लहानपणीं मिरजेस खांसाहेब अब्दुल करीम खां यांचें गाणें ऐकलें होतें. त्या स्वरांची मोहिनी त्यांच्या मनावरून अखेरपर्यंत उतरली नाहीं. १९७० च्या सुमारास मीं मुंबईच्या चोरबाजारांतून बीथोव्हनच्या तिसऱ्या सिंफनीची, म्हणजे ‘इरॉइका’ची, जुनी तबकडी आणून घरीं लावली. वडील दाराशीं उभे राहून पांच मिनिटें ऐकत राहिले आणि म्हणाले, “अरे, हें गाणें कीं कवायत? यांत मींड कोठें आहे? आणि लिहून ठेवलेलेंच पुन्हां पुन्हां वाजवायचें, तर वाजवणारानें स्वतःचें असें काय सांगितलें?”

आक्षेप तीन होते, आणि त्यांतला एकहि उडवून लावण्यासारखा नव्हता. परंतु त्या वयांत मला वाद घालण्याची गरज भासली नाहीं. बीथोव्हनच्या चरित्रानेंच मी भारून गेलों होतों. १८०२ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, व्हिएन्नाजवळच्या हायलिगेनश्टाट या खेड्यांत त्यानें आपल्या भावांना उद्देशून एक पत्र लिहिलें. कान जात चालले होते. जीव द्यावा असेंहि मनांत येऊन गेलें होतें. केवळ कलेनें आपणांस मागें खेंचलें, असा त्याचा आशय आहे. तें पत्र त्यानें कधींच पाठविलें नाहीं. १८२७ सालीं तो वारल्यानंतर त्याच्या कागदपत्रांत तें सांपडलें. या पत्रानंतर दोन वर्षांच्या आंत ‘इरॉइका’ पुरी झाली. आणि ७ मे १८२४ रोजीं व्हिएन्नांत नववी सिंफनी प्रथम वाजली, तेव्हां श्रोत्यांच्या टाळ्या त्याला ऐकूं येत नव्हत्या. एका गायिकेनें त्याला श्रोत्यांकडे वळवलें, तेव्हां त्या त्याला दिसल्या.

तरुणपणीं माणसाला असा नायक हवा असतो. पण पुढें पुढें मला शंका येऊं लागली, कीं मी संगीत ऐकतों आहें कीं चरित्र? तें पत्र सांपडलें नसतें, तर ते सूर मला तितकेच थोर वाटले असते काय? या शंकेनेंच मला बाखकडे नेलें.

योहान सेबास्टियन बाख १६८५ सालीं जन्मला व १७५० सालीं वारला. त्याचा काल ‘बरोक’ या नांवानें ओळखला जातो. वेड्यावांकड्या मोत्याला पोर्तुगीज भाषेंत ‘बरोको’ म्हणतात, त्यावरून हें नांव पडलें असें मानतात. जुन्या गोव्यांतील बॉम जेझूचें देऊळ ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांना या शैलीच्या शिल्पाचें दर्शन झालेलेंच आहे. बाखच्या चरित्रांत नाट्य फारसें नाहीं. १७२३ पासून मृत्यूपर्यंत तो लायप्झिगच्या एका चर्चच्या शाळेंत संगीतशिक्षक होता. मुलांना गाणें शिकवावें आणि उपासनेसाठीं रचना करावी, हा त्याचा व्यवसाय. त्याच्यामुळेंच मला वडिलांच्या आक्षेपांचा नीट विचार करावा लागला.

पहिला आक्षेप कवायतीचा. आपल्याकडे एक स्वरावली तंबोऱ्याच्या आधारानें एकटी चालते. बाखच्या ‘फ्यूग’मध्यें एक लहानसा मुखडा प्रथम एक आवाज उच्चारतो, मग दुसरा तोच मुखडा वेगळ्या स्वरावरून उचलतो, मग तिसरा. पहिला मात्र थांबत नाहीं. तो आपलें स्वतंत्र बोलणें चालूंच ठेवतो. तिघेहि एकाच वेळीं बोलतात, आणि तरीहि गलका होत नाहीं. ही कवायत खरी; परंतु येथें प्रत्येक शिपायाला स्वतःचें मन आहे. नवख्यानें सगळे आवाज एकदम पकडूं पाहूं नयेत. सर्वांत खालचा आवाज धरून चालावें, म्हणजे बाकीचे आपोआप उलगडतात.

दुसरा आक्षेप मींडेचा. आणि येथें वडिलांची बाजू भक्कम होती. बाखनें १७२२ सालीं एक ग्रंथ सिद्ध केला. त्यांत बारा स्वरांपैकीं प्रत्येकाला आधारस्वर मानून प्रत्येकीं दोन, अशा चोवीस जोड-रचना आहेत. असें करतां यावें म्हणून वाद्याचे स्वर थोडे तडजोडीनें लावावे लागतात. आजच्या पियानोवरील गांधार, तंबोऱ्यांतून आपोआप उमटणाऱ्या गांधारापेक्षां अर्ध्या स्वराच्या सुमारें सातव्या भागाइतका चढा असतो. ज्याचा कान तंबोऱ्यावर पोसला आहे, त्याला तो खुपणारच. १९४० सालीं रेडिओनें हार्मोनियमवर बंदी घातली, व ती १९७१ पर्यंत टिकली; तिच्यामागें अशाच प्रकारचें एक कारण होतें. या तडजोडीच्या मोबदल्यांत पाश्चात्यांनीं मिळवलें तें रचना चालूं असतांनाच षड्ज बदलण्याचें स्वातंत्र्य. सौदा कोणाला फायद्याचा वाटेल, कोणाला तोट्याचा. पण तो डोळे उघडे ठेवून केलेला सौदा आहे.

तिसरा आक्षेप लिहिलेलें वाजवण्याचा. आपल्याकडे सदारंगाची चीज गुरुमुखांतून शिष्यमुखांत येते आणि वाटेंत बदलते. कोणी गाणाराच उरला नाहीं, तर ती कायमची जाते. बाखची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही थोर रचना त्याच्या निधनानंतर कित्येक दशकें कोणी सादर केली नव्हती. १८२९ सालीं बर्लिनमध्यें वीस वर्षांच्या मेंडेल्सोननें कागदावरची ती रचना पुन्हां जागी केली. कागदानें गायकाचें स्वातंत्र्य घेतलें, हें मला मान्य आहे. पण विस्मृतींतून परत येण्याची वाटहि त्यानेंच राखली.

हें सर्व मीं वडिलांना सांगितलें. त्यांनीं तें ऐकून घेतलें, आणि त्यांच्या मतांत तिळमात्र फरक पडला नाहीं. युक्तिवादानें कोणाला गाणें आवडूं लागत नाहीं, एवढें मात्र मी शिकलों.

शेवटीं कामीं आला तो हायडन. १७३२ सालीं जन्मलेल्या या रचनाकारानें १७६१ मध्यें एस्टरहाझी या सरदार घराण्याची चाकरी पत्करली. करारांत स्पष्ट होतें कीं त्यानें घराण्याचा गणवेष घालावा, रोज हुकूम घेण्यासाठीं हजर राहावें, आणि त्यानें रचलेलें संगीत धन्याच्या मालकीचें समजावें. १७७२ सालीं असें झालें कीं, सरदारसाहेबांचा मुक्काम हंगेरींतल्या त्यांच्या उन्हाळी वाड्यांत लांबतच चालला. वादकांचीं बायकामुलें दूर आयझेनश्टाटला. रजा मागण्याची सोय नाहीं. तेव्हां हायडननें एक सिंफनी रचली. तिच्या अखेरच्या भागांत लय संथ होते, आणि एकेक वादक आपलें काम संपतांच मेजावरची मेणबत्ती विझवून निघून जातो. शेवटीं दोनच व्हायोलिनवादक उरतात, आणि तेहि अगदीं हलक्या सुरांत थांबतात. धन्याला अर्थ कळला व दुसऱ्याच दिवशीं परतण्याचा हुकूम निघाला, अशी कथा सांगतात.

माझ्या वडिलांची हयात एका कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. आजीच्या अखेरच्या दुखण्यांत त्यांनीं मागितलेली रजा दोनदां नामंजूर झाली होती. त्याबद्दल ते क्वचितच बोलत. निवृत्तीनंतरच्या आजारपणांत एका संध्याकाळीं मीं त्यांना ही कथा सांगितली आणि तबकडी लावली. या खेपेला ते दाराशीं उभे नव्हते. उशाला टेकून ऐकत होते. एकेक वाद्य गळूं लागलें तसे ते बोटावर मोजूं लागले. दोन व्हायोलिनें थांबल्यावर बराच वेळ ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, “अर्ज चांगला लिहिला आहे. पुन्हां लाव.”

दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनीं खांसाहेबांची भैरवी लावावयास सांगितली. “मींड नाहीं ती नाहींच,” असें त्यांनीं बजावलें. पण त्यांत पूर्वींचा वकील नव्हता. पुढें आजार वाढला, आणि मीं लावलेली ती तबकडी आम्हां दोघांची अखेरची बैठक ठरली.

हें संगीत आपणांस परकें, असें कोणी म्हणतात. मेहली मेहता यांनीं १९३५ सालीं मुंबईंत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनीं आपल्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. आणि ज्या धुनेनें आकाशवाणीचा दिवस उजाडत आला, तिच्या रचनेचें श्रेय मुंबईस आश्रयाला आलेल्या वॉल्टर कॉफमन यांना दिलें जातें. जें इतकीं वर्षें आपल्या कानांवर पडत आलें आहे, तें परकें कसें म्हणावें?

श्रोत्यांपैकीं कोणाला आरंभ करावयाचा असेल, तर हायडनची ही पंचेचाळिसावी सिंफनी घरांतल्या सर्वांनीं मिळून ऐकावी. तिला सुमारें पंचवीस मिनिटें लागतात. अखेरच्या भागांत कोण केव्हां उठून गेलें, हें मुलांना मोजावयास सांगावें. आणि घरांतलें एखादें वडीलधारें माणूस दाराशीं उभें राहून ऐकत असेल, तर त्याच्याशीं वाद घालूं नये. त्याला बसावयास खुर्ची द्यावी.