देश तसा वेश, काम तशी शिस्त



पुरुषांनी कार्यालयात अर्धी विजार घालून यावे की येऊ नये, हा विषय हसण्यावारी नेण्याजोगा वाटेल. परंतु पुणे, बंगळुरू, हैदराबाद येथील संगणक कंपन्यांत ज्यांची मुले नोकरीला आहेत, त्या घरांत हा रोजचा वाद आहे. मुलगा बर्म्युडा घालून कामावर निघतो. निवृत्त वडील विचारतात, ‘हा काय ऑफिसला जायचा वेश झाला?’ मुलगा म्हणतो, ‘आमच्याकडे चालतं.’ वडिलांच्या प्रश्नात संस्कार आहे, मुलाच्या उत्तरात सोय आहे. विचार मात्र दोघांनीही केलेला नसतो. तो करणे अवश्य आहे. आणि अर्ध्या विजारीचा विचार करण्याचा अधिकार या सभागृहातील मंडळींइतका दुसऱ्या कोणाला असणार?

मुळात ही विजार आपल्याकडे आली ती ब्रिटिश लष्करातून. उष्ण प्रदेशात सैनिकांना हालचाल सुलभ व्हावी, हा तिचा हेतू. पुढे ती पोलिसांत आणि शाळेत शिरली. मुंबईच्या रस्त्यांवरील निळ्या हाफ पँटमधला, पिवळ्या टोपीचा हवालदार जुन्या पिढीला आठवत असेल. शिपाई हाफ पँटमध्ये आणि साहेब फुल पँटमध्ये, अशी ती उतरंड होती. शाळेतही तेच. खालच्या वर्गांत हाफ पँट. मिसरूड फुटू लागले की फुल पँट. त्यामुळे मराठी मनात अर्ध्या विजारीला दोन अर्थ चिकटले, एक पोरवयाचा आणि दुसरा कनिष्ठ दर्जाचा. वडिलांच्या कपाळावरची आठी येते ती तेथून. मांडी-पोटरी झाकण्याच्या कोणत्याही शास्त्राज्ञेतून ती येत नाही. गुडघ्यापर्यंत धोतर खोचून नांगर धरणाऱ्याला आपल्या समाजाने कधी असभ्य म्हटलेले नाही.

या उतरंडीला छेद देणारे एक उदाहरण आपल्यापुढेच आहे. संघाच्या गणवेशात बाल स्वयंसेवकापासून सरसंघचालकांपर्यंत सर्वांची अर्धी विजार एकच होती. प्राध्यापक आणि गिरणी कामगार, वकील आणि त्याचा अशील एकाच पोशाखात एका रांगेत उभे राहत. बाहेरच्यांनी त्या विजारीवरून टोमणे मारले, व्यंगचित्रे काढली. ज्यांनी ती अंगावर चढवली, त्यांनी मात्र तिच्यात कमीपणा मानला नाही. कारण वेशाची प्रतिष्ठा तो धारण करणाऱ्याच्या कार्यातून येते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

आणि तरीही ती विजार बदलली. मार्च २०१६ मध्ये राजस्थानातील नागौर येथील अखिल भारतीय प्रतिनिधी सभेत तपकिरी फुल पँटचा निर्णय झाला आणि त्याच वर्षीच्या विजयादशमीपासून तो अमलात आला. त्याआधीही खाकी सदऱ्याच्या जागी पांढरा आला होता, लष्करी बूट गेले होते, चामड्याचा पट्टा गेला होता. नव्वद वर्षांची सवय सोडताना अनेक ज्येष्ठांना हळहळ वाटली. पण शाखा थांबली नाही, प्रार्थना बदलली नाही. वेश हे साधन आहे, साध्य नव्हे, हा धडा एरवी व्याख्यानांतून सांगितला जातो. तो येथे आचरणातून मिळाला.

आता कार्यालयांकडे वळू. नियम करणारे हा धडा विसरले की काय होते, हे युरोपात दिसले. २०१३ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमच्या एका उपनगरी रेल्वेवर चालकांना अर्ध्या विजारीची बंदी होती, स्कर्टची नव्हती. पुरुष चालक स्कर्ट घालून कामावर आले; अखेर कंपनीने माघार घेतली. २०१७ मध्ये फ्रान्समधील नान्त येथे बसचालकांनी तोच मार्ग पत्करला. कारण सांगता न येणारा नियम असा हास्यास्पद होतो.

जपानने उलट दिशेने विचार केला. शिस्तीसाठी ख्यात असलेल्या त्या देशाच्या सरकारने २००५ मध्ये ‘कूल बिझ’ मोहीम सुरू केली. उन्हाळ्यात कार्यालयातील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवावे आणि कर्मचाऱ्यांनी कोट-टाय उतरवावा, एवढीच ती योजना. स्वतः पंतप्रधान कोइझुमी टायविना वावरू लागले. जपानची शिस्त त्याने ढळली नाही. वीज मात्र वाचली. आपल्याकडे मे महिन्यात कोट घालायचा आणि तो सोसावा म्हणून यंत्र अठरा अंशांवर लावायचे, याला काय म्हणावे?

हे दास्य अजून पुरते गेलेले नाही. जुलै २०१४ मध्ये चेन्नईतील एका क्रिकेट क्लबने मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे धोतर, नेसले म्हणून दारातून परत पाठवले. तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून असे निर्बंध मोडून काढले. नौदलाने २०२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या भोजनगृहात कुर्ता-पायजम्याला परवानगी दिली. पावले पडत आहेत. पण स्वातंत्र्यानंतर किती वर्षांनी!

तथापि, ‘आमच्याकडे चालतं’ हेही उत्तर नव्हे. एक दृश्य पाहा. काचेच्या इमारतीत गारव्यात बसणारा अभियंता अर्ध्या विजारीत आहे आणि त्याच इमारतीच्या फाटकावर, भर उन्हात, सुरक्षारक्षक गळ्यापर्यंत बटणे लावून, टाय बांधून, जाड बूट घालून बारा तास उभा आहे. ज्याला उकाडा नाही त्याला मोकळीक, ज्याला उकाडा आहे त्याच्यावर सक्ती! ही जुनी साहेब-शिपायाची उतरंडच आहे. फक्त विजारीची अदलाबदल झाली आहे. वेशाविषयी बोलणाऱ्या समाजाने आधी त्या रक्षकाविषयी बोलले पाहिजे.

म्हणून नियम करणाऱ्याने तीन प्रश्न विचारावेत. हा वेश कामाला आणि हवेला साजेसा आहे का? समोर येणाऱ्या माणसाचा त्यात मान राखला जातो का? आणि हा नियम वरिष्ठापासून शिपायापर्यंत सारखाच जाचतो किंवा सारखाच सुखावतो का? रात्रपाळीत एकटा संगणकापुढे बसणारा अर्ध्या विजारीत आला तर काही बिघडत नाही. पण तक्रार घेऊन आलेल्या वृद्धेसमोर, किंवा कर्जासाठी संकोचून आलेल्या शेतकऱ्यासमोर बसणाऱ्याने नीटनेटके असावे. तो तिचा आणि त्याचा मान आहे. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने कर्मचाऱ्यांना जीन्स-टी शर्ट टाळण्यास व शुक्रवारी खादी वापरण्यास सांगितले, तेव्हा पुष्कळ टीका झाली. तपशिलाविषयी मतभेद असू शकतात. पण नागरिकासमोर बसणाऱ्याने आपल्या वेशाचा विचार करावा, ही अपेक्षा चुकीची नव्हती.

घरातला वाद मिटवायचा तर वडिलांनी ‘शोभत नाही’ एवढ्यावर थांबू नये, का शोभत नाही ते सांगावे. मुलाने ‘चालतं’ म्हणून सुटू नये, कोणासमोर चालते ते पाहावे. देश तसा वेश ही म्हण जुनीच आहे. तिच्यात देशाचे हवामान आले, तसा देशातला माणूसही आला. त्या माणसाचा विचार ज्या वेशात आहे, तो गुडघ्याच्या वर असो वा खाली, सभ्यच आहे.