लिस्ट, सेट की मॅप?



एका वाचनालयाची संगणकप्रणाली डोळ्यांसमोर आणा. एका सभासदाने पुढे वाचायची म्हणून २० पुस्तकं निवडून ठेवली आहेत. त्यातलं एक तो काढून टाकतो. काम एका ओळीचं. पण ही प्रणाली जावामध्ये, डेटाबेसशी जोडणारं हायबरनेट वापरून लिहिलेली असेल आणि सभासद-पुस्तकांचा हा अनेक-ते-अनेक संबंध साध्या लिस्टमध्ये ठेवलेला असेल, तर त्या सभासदाच्या वीसच्या वीस जोडण्या पुसल्या जातात आणि उरलेल्या १९ पुन्हा लिहिल्या जातात. त्याच जागी सेट असेल, तर एकच ओळ पुसली जाते.

असं का होतं? क्रमाचा रकाना नसलेल्या लिस्टला हायबरनेट बॅग म्हणतं, म्हणजे पिशवी. पिशवीत तीच नोंद दोनदा असू शकते आणि कोणती कितवी, हे कुठे लिहिलेलं नसतं. नेमकी कोणती ओळ काढायची हे कळत नाही, म्हणून पिशवी उलटी करून पुन्हा भरावी लागते.

आता दुसरा प्रसंग. एका पुस्तकाचे ५ लेखक आणि २० प्रती एकाच क्वेरीत जोडून मागवल्या, तर डेटाबेस १०० ओळी पाठवतो. दोन्ही पिशव्या असतील तर हायबरनेट अशी क्वेरी चालवायलाच नकार देतं. मग घाईघाईने लिस्टच्या जागी सेट लिहिला जातो. चूक दिसेनाशी होते, पण १०० ओळी येतच राहतात. सेट फक्त दुबार नोंदी गाळतो. खरा उपाय म्हणजे दोन वेगळ्या क्वेरी. त्यात मिळून २५ ओळी येतात.

सेटलाही त्याची पथ्यं आहेत. दोन नोंदी एकच आहेत हे कशावरून ओळखायचं, ते आधी ठरवावं लागतं. नव्या नोंदीला जतन होईपर्यंत डेटाबेसचा क्रमांक मिळालेलाच नसतो. ओळख त्या क्रमांकावर टाकली, तर जतन झाल्यावर ती नोंद सेटमध्ये असूनही सापडत नाही. म्हणून प्रतीची ओळख वाचनालयाने तिला दिलेल्या दाखल क्रमांकावरून ठेवावी. दाखल क्रमांक सांगून प्रत हवी असेल, तर मॅप सोयीचा. मुखपृष्ठावरचा लेखकांचा क्रम जपायचा असेल, तर लिस्टच हवी, पण क्रमाच्या रकान्यासकट. आणि देवघेवीच्या लाखभर नोंदी असतील, तर त्या कोणत्याच संग्रहात भरू नयेत; क्वेरी लिहून पानापानाने मागवाव्यात.

एडगर कॉड यांनी १९७० साली डेटाबेसचं जे प्रतिमान मांडलं, त्यात ओळींना क्रम नव्हता आणि तीच ओळ दोनदा येत नव्हती. संग्रह निवडताना क्रम हवा की नको, दुबार चालेल की नाही, हे आपणच सांगायचं असतं.

माझ्या तरुण प्रोग्रॅमर मित्रांनो, सवयीने लिस्ट लिहू नका. आधी हे दोन प्रश्न विचारा. आणि हायबरनेट डेटाबेसला ज्या आज्ञा पाठवतं, त्या स्वतःच्या डोळ्यांनी वाचा.